दुमडीतला धागा

"नमस्कार. मी रफू करते. पहिल्या फोटोत कोटाच्या बाहीला भोक आहे, दुसऱ्या फोटोत नाही. आई म्हणायची, भोकाकडे बघू नये, कडेकडे बघावं, मग भोक आपोआप लहान होतं. दुकान दहा ते सहा."

एकोणीस लाइक, चार कमेंट. त्यातली एक दुसऱ्या शहरातल्या दादाची: "आईचंच वाक्य. तिचा आवाज ऐकू आला."

ही पोस्ट रफूवालीने स्वतःच्या प्रोफाइलवर टाकली होती. म्हणजे टाकली भाचीने, रफूवालीने फक्त सांगितलं आणि मान हलवली. दुकान म्हणजे एक खोली. खिडकीपाशी टेबल, टेबलावर भिंग, भिंगाला चिकटलेला दिवा आणि कापड ताणायचा लाकडी गोळा. गेल्या चार आठवड्यांत दोन माणसं आत आली होती, त्यातला एक पत्ता विचारायला. फाटलं की लोक टाकून देत होते. वर्ष संपेपर्यंत असंच चाललं तर खोली सोडायची, हे तिने मनाशी ठरवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"दुकानाचं वेगळं पेज काढू या का?" तिने विचारलं होतं.

"काढ की. आणि त्यावर तू आणि मी, दोघीच बसू," भाची म्हणाली. "मावशी, पेजला कोण विचारतं? तुझ्या प्रोफाइलवर टाक. लोकांना दुकान नको असतं, माणूस हवं असतं. तुझं जुनं घर, तुझी माणसं, आणि त्यात मधेच एक कोट. बघ येतात की नाही."

प्रोफाइल दादानेच कधीतरी उघडून दिलं होतं. घरातले जुने फोटो ओल लागून सडायला लागले, तेव्हा जेवढे वाचले तेवढे त्याने तिथे चढवले. चाळीसेक असतील. प्रत्येकाखाली रफूवालीने एकेक ओळ लिहिली होती. आईचा एकच फोटो वाचला होता. जुन्या घराच्या दारात उभी, डावा हात चौकटीवर, कुणीतरी काहीतरी बोललंय म्हणून नाकातल्या नाकात हसणारी. खाली ओळ: "आई. हिनेच सुई हातात दिली."

आणि लोक आले.

*

रफूचं एक गुपित असतं, आणि ते गुपित नसतंच. धागा बाहेरून आणायचा नाही. कापडाच्याच पोटातून, शिवणीच्या आत दुमडलेल्या पट्टीतून काढायचा, जिथे कुणी बघत नाही. आई म्हणायची, कापडाला त्याच्याच जातीचा धागा लागतो, परका भरला की पहिल्या धुण्यात आखडतो. रफूवाली दुमडीतून किती धागे काढले ते वहीत लिहून ठेवायची. आईचीच सवय.

एका निवृत्त पोस्टमनच्या कोटाचा फोटो टाकून झाल्यावर तिने त्याला दुमडीतले अकरा धागे वापरले. वहीत अकरा लिहिले. मग दुमड परत शिवायला घेतली आणि भिंगाखाली थबकली. दुमड भरलेली होती. एकही धागा कमी नव्हता.

मोजण्यात चुकले असेन, असं ती म्हणाली. पुन्हा मोजलं. मग कोट उलटा केला, खिडकीशी धरला. भोक कुठे होतं ते तिलाच सापडेना. असं काम आईच्या हातालाही साधलं नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने कोट घडी करून ठेवला आणि साबण नसताना हात धुतल्यासारखे एकमेकांवर चोळत बसली.

आठवड्याने पोस्टमन परत आला. तक्रार घेऊन आला असेल म्हणून तिने आधीच भिंग पुढे ओढलं.

"नाही नाही, काम फक्कड झालंय," तो म्हणाला. बसला. गुडघे धरून बसला. "ताई, तुम्ही हसाल. हा कोट घातला की मला एक जिना आठवतो. लाकडी. निळा कठडा, वरचा गोल दांडा झिजून गुळगुळीत झालेला. पस्तीस वर्षं लोकांचे जिने चढलो, पण असला एक नव्हता. आणि हा मात्र माझा वाटतो. घरी आल्यासारखं वाटतं."

"स्वप्न पडलं असेल."

"दिवसाढवळ्या? बसथांब्यावर?" तो हसला. "पण तक्रार नाही हां. गुडघे दुखायचे थांबलेत."

तो गेल्यावर तिने फोन काढला. असला जिना तिला मुळीच आठवत नव्हता, पण त्याबद्दल कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. प्रोफाइलवर खाली, खूप खाली, तिघा भावंडांचा फोटो होता. तिघं एका पायरीवर, हात हवेत असे वर धरलेले, जणू कशावर तरी टेकलेत. मागे कोरी भिंत. फोटोखाली तिच्याच शब्दांत: "आमचा निळा कठडा. यावरून घसरल्याबद्दल खाल्लेला मार मोजला नाही."

तिने दादाला फोन लावला.

"आपल्या जिन्याला कठडा होता का रे?"

"कठडा?" दादा म्हणाला. "उघडाच होता जिना. का गं?"

"काही नाही."

"जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली. जेवली नव्हती.

*

रफूवाली अशातशाला भुलणारी नव्हती. तिने पडताळून पाहिलं. एक शर्ट पोस्ट न टाकता रफू केला. दुमडीतून सहा धागे काढले, सहा कमी झाले. सरळ हिशेब. मग एका पहारेकऱ्याचा कोट आला. त्याचा फोटो टाकला, एकशे बारा लाइक. सकाळी नऊ धागे काढले आणि दुमड जशीच्या तशी.

पहारेकरी एकटा राहणारा, तोंडाने फटकळ. कोट न्यायला आला, घालून पाहिला आणि बोलताबोलता थांबला. खाली वाकला. पायाशी काहीच नव्हतं. तरी त्याने हात पुढे केला आणि हवेतच, गुडघ्याच्या उंचीवर, कुरवाळल्यासारखा फिरवला.

"काळं आहे," तो अगदी हळू म्हणाला. "एक कान पांढरा."

त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिच्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नव्हे. पन्नाशीच्या माणसाचा चेहरा इतका उजळलेला तिने पाहिला नव्हता.

तो गेल्यावर तिने प्रोफाइल उघडलं. एका जुन्या फोटोत नऊ वर्षांची ती उभी होती, हातात दोरी. दोरीचं दुसरं टोक जमिनीवर मोकळं पडलं होतं. खाली लिहिलं होतं: "मी आणि शेपट्या. हा गेला तेव्हा चार दिवस बोलले नाही."

तिने ते दोनदा वाचलं. शेपट्या कोण, ते काही केल्या आठवेना. वाईटही वाटेना. ते जास्त वाईट होतं.

भाचीला तिने एवढंच सांगितलं की सगळ्या फोटोंच्या प्रती काढून ठेव. भाचीकडे प्रती आधीपासून होत्या. प्रतींतही दोरी मोकळीच होती.

ज्याला जे कमी, त्याला त्याच जातीचं मिळत होतं. आणि ते निघत होतं तिच्या दुमडीतून.

त्या दिवसापासून तिने पोस्ट टाकणं बंद केलं.

*

"मावशी, लोक विचारतायत, रफूवाली वारली का म्हणून."

"सांग, अजून नाही."

"अगं, इतकं छान चाललं होतं. कुणाची दृष्ट लागली?"

रफूवालीने पुढचं कापड भिंगाखाली ओढलं. गर्दी हळूहळू ओसरली, पुन्हा दिवसाला एखादं माणूस. खोली सोडायचा विचार परत येऊन टेबलापाशी बसला. बसू दे, ती म्हणाली. रोज सकाळी दुकान उघडलं की ती आधी फोन उघडायची. आई दारात होती. डावा हात चौकटीवर. मग ती दिवा लावायची.

मग एका दुपारी नर्स आली, आणि नर्सचं बोट धरून आठ वर्षांची मुलगी.

नर्सने पिशवीतून जे काढलं ते दुपटं होतं. लोकरीचं, हाताने विणलेलं, तान्ह्या मुलाला गुंडाळतात तसलं. मधे तळहाताएवढं भोक.

"ही मला याच्यात गुंडाळलेली मिळाली," नर्स म्हणाली. "आमच्या हॉस्पिटलच्या बाकावर. तिच्या आईचं हे एवढंच. सोडत नाही, आणि भोक रोज वाढतंय. तीन ठिकाणी फिरले, सगळे म्हणतात, फेकून द्या."

रफूवालीने दुपटं भिंगाखाली घेतलं. चारी बाजू झिजून गेल्या होत्या. काठ नाही, दुमड नाही, शिवण नाही. धागा काढायला जागाच नव्हती.

"होणार नाही," ती म्हणाली. "याच्या अंगात द्यायला काही उरलेलंच नाही."

मुलगी टेबलाशी सरकली. तिने भोकातून हात घातला आणि पलीकडून बोटं हलवून पाहिली.

"मला ती आठवत नाही," मुलगी म्हणाली. रडून नाही. एखादी वस्तू दुकानात नाही असं सांगावं, तसं. "बाकीच्या मुलांना आठवते त्यांची आई. थोडीशी तरी."

नर्सने तोंड फिरवलं.

"ठेवून जा," रफूवाली म्हणाली. आपण हे म्हणालो याचं तिला नवल वाटलं.

त्या दुपारी तिने दुकान आतून लावलं आणि फोटो समोर ठेवून मोठ्याने पाठ केला, शाळेत कविता म्हणायचे तसा. डावा हात चौकटीवर. कपाळावर एक बट. दोरा ओवण्याआधी ओठात धरायची. ओवला की सुई टेबलावर दोनदा वाजवायची, टक टक, सुई ऐकतेय का बघते म्हणायची. हसायची ती नाकातून. तिला थंडी सोसायची नाही. रागावली की आडनावाने हाक मारायची.

मग तिने दुपट्याचा फोटो काढला आणि स्वतःच्या बोटाने पोस्ट टाकली.

"लोकरीचं दुपटं. काठ नाही. मालकीण आठ वर्षांची. उद्या सकाळी काम सुरू."

*

सकाळी ऊन टेबलावर आलं होतं. तिने सुई घेतली. दोरा ओवला नाही, ओवायला नव्हताच. रिकामी सुई भोकाच्या कडेला घातली.

सुई रिकामी खाली गेली आणि धागा घेऊन वर आली.

जुन्या लोकरीच्या रंगाचा धागा, उन्हात तापलेल्या लाकडाचा वास असलेला. तिने ओढला तसा तो येत राहिला. कुठून, ते तिने पाहिलं नाही. कडेकडे पाहत राहिली. हात तिचे होते पण वेग तिचा नव्हता. उभे धागे ताणले गेले, आडवे त्यांतून वरखाली गेले, आणि दुपटं टाक्याटाक्याने भरत आलं, पाणी भरावं तसं, आवाज न करता. इतकं सुंदर काम आपल्या हातून पुन्हा होणार नाही, हे तिला कळत होतं. श्वास रोखून ती बघत होती.

कपाळावरची बट गेली. आधी वाटलं, जाणार नाही.

नाकातलं हसू गेलं.

थंडी गेली. आडनावाची हाक गेली.

एकच टाका राहिला. ती थांबली.

सुई तशीच हातात धरून बराच वेळ थांबली.

आपण कुणासाठी थांबलो ते तिला आठवेना.

तिने टाका घातला.

*

मुलीने दुपटं घेतलं, गालाला लावलं आणि एकदम मान वर केली, कुणी हाक मारल्यासारखी. नाकातल्या नाकात हसली. नर्स दारातच बसली आणि ढसाढसा रडली, का ते तिलाही सांगता येईना.

त्यानंतर दुकान पुन्हा भरभरून चाललं. त्या एका पोस्टवर हजारावर लोक आले. खोली सोडायची गोष्ट निघाली नाही.

"मावशी, हा रिकाम्या दाराचा फोटो का ठेवलायस?" भाचीने एकदा विचारलं. "आणि खाली 'आई' काय? दाराला कोणी आई म्हणतं?"

रफूवालीने चष्मा लावून पाहिलं. "जुन्या घराचं दार आहे. म्हटलं असेल लाडाने."

"आणि सुई हातात दिली म्हणे दाराने."

दोघी हसल्या.

मुलगी अधूनमधून शाळा सुटल्यावर यायची आणि टेबलाशी हनुवटी टेकून काम बघायची. एके दिवशी मोठं भोक होतं, रेशमी कापड, रफूवालीला सुरुवात कुठून करावी कळत नव्हतं. मुलीने बोट टेबलावर दोनदा वाजवलं. टक टक.

"भोकाकडे बघू नकोस," ती म्हणाली. "कडेकडे बघ. भोक आपोआप लहान होतं."

रफूवालीची सुई थांबली. किती साधी गोष्ट, आणि इतक्या वर्षांत आपल्याला सुचली नाही.

"तुला कुणी सांगितलं गं?"

"आईने."

"हुशार आहे तुझी आई," रफूवाली म्हणाली, आणि विसरायला नको म्हणून ते वाक्य लगेच पोस्ट केलं.

पहिली कमेंट दादाची आली: "सुंदर वाक्य आहे. कुणाचं?"