डावीकडची जागा

पवित्र आत्म्याच्या सणाच्या आदल्या दिवशी आमच्या बेटावर घरोघर मांस, पाव आणि वाइन पोचवतात. त्या वर्षी सणाचा मान जेर्वाझियूच्या लेकीकडे, देओलिंदाकडे होता. सकाळपासून पांढऱ्या फडक्यांनी झाकलेल्या टोपल्या तिच्या अंगणातून बाहेर पडत होत्या. दुपारी तिने शेवटची टोपली बापाच्या हातात दिली.

"ही ओतीलियाकाकूंची. तुम्हीच न्या, बाबा. दुसऱ्या कोणी नेली तर त्या आठवडाभर बोलत बसतील."

जेर्वाझियूने टोपी घातली आणि तो निघाला. चढण फार नव्हती, पण डोंगरावरून धुकं उतरत होतं. काळ्या दगडी बांधांपलीकडच्या गायी दिसत नव्हत्या, फक्त त्यांचं गवत ओरबाडणं ऐकू येत होतं. तेही एकाच बाजूने. चार वर्षांपूर्वी एका सणात कानाशीच फटाका फुटला, तेव्हापासून त्याचा डावा कान कामातून गेला होता. बांधाच्या कडेला रानबडीशेप माजली होती. तिचा ओला, गोडसर वास आला आणि जेर्वाझियूला त्याच्या गाण्यातल्या जोडीदाराची, अमांसियूची आठवण झाली. ती तशी रोजच व्हायची. अमांसियूच्या तोंडात कायम बडीशेपेचा देठ असायचा.

ओतीलिया ही अमांसियूची बायको. दार उघडताच तिने आधी त्याचे बूट पाहिले.

"या भावजी. पाय पुसून या. तुमच्या गायींचं शेण माझ्या फरशीला नको."

"फरशीचं कौतुक अजून तसंच आहे तुमचं, वहिनी."

"नवरा गेला, पोरं कॅनडाला गेली. फरशी तेवढी राहिली. तिचंही करू नको?" तिने फडकं उचलून पाहिलं. "हाडं जास्त घातलीत की काय?"

"चांगलं मऊ मांस आहे. वर पुदिनाही आहे."

"मग बसा."

भिंतीवर अमांसियूची गिटार टांगलेली होती. बारा तारांची, पोटावर दोन बदामी भोकं कोरलेली. अमांसियू डावखुरा, त्यामुळे तारा उलट्या लावलेल्या. एक तार तुटून लोंबत होती. जेर्वाझियूने नजर काढून घेतली.

"उद्या गाणार म्हणे तुम्ही," ओतीलिया म्हणाली.

"नवस आहे. झीतासाठी."

झीता देओलिंदाची मुलगी, सात वर्षांची. हिवाळ्यात तापाने फणफणली होती. आंग्रा शहरातून आलेल्या डॉक्टरने सुद्धा तिच्या आईकडे न पाहता बॅग बंद केली. त्या दिवशी जेर्वाझियू नातीच्या उशाशी गुडघे टेकून बोलून गेला होता की पोर उठू दे, मी सणात पवित्र आत्म्याच्या मुकुटापुढे उभा राहून गाईन, आणि गाणं निरोपापर्यंत नेऊन पुरं करीन. पोर उठली. आता बोललेलं पाळायचं होतं. अर्धवट पाळलेला नवस न पाळल्याहून वाईट, हे बेटावर कोणालाही सांगावं लागत नाही.

"समोर कोण गातंय?"

"एर्मीनियू."

"तो होय! तो रेडिओसारखा गातो. कान पिळला की गप्प." ती हसली. मग टोपलीवरचं फडकं पुन्हा नीट घालत हळूच म्हणाली, "आणि यांचं काय, भावजी? पाळी तुमची राहिलीय..."

जेर्वाझियूने टोपी हातात फिरवली. त्याला ते ठाऊक होतं.

दोघे पोरसवदा असताना दोन कुरणांत गुरं राखायचे. मधे बांध होता. हा दूध काढता काढता चार ओळी रचून फेकायचा, तो बांधापलीकडून चार ओळी परत फेकायचा. धुक्यात एकमेकांची तोंडंही दिसायची नाहीत. शाळा दोघांनीही लवकरच सोडली होती, पण पुढे सगळ्या बेटाने त्यांना कवी म्हटलं. कुठल्याही गावचा सण असो, मांडवात ही जोडी हवीच. अमांसियू नेहमी डावीकडे उभा राहायचा. तो डावखुरा, हा उजवा, म्हणून दोन्ही गिटारच्या माना मधोमध यायच्या आणि गाता गाता एकमेकींवर आपटायच्या. टक्. लोक म्हणायचे, बघा, बायका कुजबुजायला लागल्या. कडवं सुरू करण्याआधी अमांसियू दोनदा घसा खाकरायचा. तेवढ्यावरच लोक हसायला लागायचे.

या गाण्याला नियम असतो. एकाने चार ओळी म्हणायच्या. मग गिटारचं एक आवर्तन होतं, तेवढ्यात दुसऱ्याने उत्तर जुळवायचं आणि पहिल्याच्या शेवटच्या ओळीचा धागा धरून म्हणायचं. कडवं ज्याचं, त्याच्याच तोंडून घ्यायचं. ऐकू आलं नाही म्हणून शेजाऱ्याला विचारलं, की हरलात. आणि शेवटी दोघांनीही निरोपाचं कडवं म्हणायचं. त्याशिवाय कोणी मांडवातून उतरत नाही.

ते दोघे एकदा उतरले होते. अमांसियूने शेवटचं कडवं टाकलं होतं:

डोंगर बुडाला, धुकं उरलं,
नाव बुडाली, उरलं पाणी;
दोघांमधला एकच उरला,
भांडतील कोणाशी त्याची गाणी?

उत्तराचं आवर्तन सुरू झालं आणि पावसाची सर आली. दिवे गेले, लोक डोक्यावर खुर्च्या धरून पळाले. दोघे हसत हसत चिखलातून घरी आले. "उद्या देतो तुला उत्तर," जेर्वाझियू म्हणाला. दुसऱ्या दिवशी अमांसियू कुरणात गेला आणि बांधाला टेकून बसला तो बसलाच. नऊ वर्षं झाली. त्यानंतर जेर्वाझियू गायला नव्हता.

"माझी गिटार काढतो आता घरी जाऊन," उठताना तो म्हणाला. "आवाज उरलाय का बघतो."

"आवाज असतो हो," ओतीलिया म्हणाली. "ऐकणारा लागतो."

घराखालच्या वाइनच्या तळघरात तो बसला. संध्याकाळ व्हायची होती, पण धुक्याने दारातला उजेड दुधासारखा करून टाकला होता. पिंपांचा आंबूस वास येत होता. त्याने तारा लावल्या आणि उद्याच्या निरोपाचं कडवं म्हणून पाहिलं. साधंच होतं. निरोप घेतो, दार लोटतो, कडी लावतो, असं काहीतरी. शेवटची ओळ म्हणून झाली. हाताला जुनी सवय होती. हात थांबला नाही, त्याने आवर्तन वाजवलं, समोरच्याला विचार करायला देतात तसं. आवर्तन संपलं आणि जेर्वाझियू गप्प राहून वाट पाहू लागला.

आपण कोणाची वाट पाहतोय, हे त्याच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता.

पिंपांच्या मागे कोणीतरी दोनदा घसा खाकरला.

त्याने उजवा कान तिकडे केला. कडवं आलं नाही. श्वास मात्र होता... सावकाश, नाकातून घेतलेला, हसू दाबून बसलेल्या माणसासारखा. आणि आंबूस वासातून वाट काढत बडीशेपेचा ओला वास पुढे आला.

"अमांसियू...?"

उत्तर नाही. मग जेर्वाझियूला कळलं. तो गाणार नव्हता, कारण पाळी त्याची नव्हती. तो उत्तराची वाट पाहत होता.

जेर्वाझियू गिटार तिथेच टाकून पायऱ्या चढला. वर देओलिंदा पावाचं पीठ मळत होती. "बाबा, तोंड असं पांढरं का?" "पीठ उडालं असेल," तो म्हणाला आणि चुलीजवळ बसून राहिला. भीती वाटत होती, हे खरं. पण छातीत दुसरंही काही होतं. फार वर्षांनी कोणीतरी त्याच्यासाठी थांबलं होतं.

सणाच्या दिवशी दुपारी मुकुट मिरवणुकीने छोट्या रंगीत देवळात आला. सूप झालं, पाव झाला, वाइनचे पेले फिरले. मग मांडवात खुर्च्या सरकल्या. पहिल्या रांगेत झीता नव्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये बसली होती, तिच्याशेजारी काळ्या शालीत ओतीलिया. धुकं मांडवाच्या खांबांपर्यंत येऊन थांबलं होतं.

एर्मीनियू उजवीकडे उभा राहिला. पोरगा चांगला होता, जिभेने मात्र मोकाट. त्याने तार छेडली आणि ओरडून म्हणाला, "आजोबा, आवाज शिल्लक आहे ना? की दुधाबरोबर डेअरीत घातला?"

"तुझ्यापुरता आहे," जेर्वाझियू म्हणाला. लोक हसले.

दोघांची चार-सहा कडवी झाली. म्हातारा हळूहळू तापला. मग त्याची पाळी आली आणि तो एर्मीनियूकडे वळलाच नाही. डावीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहत त्याने म्हटलं:

माझी गाणी भांडत नाहीत,
तुझ्या उंबऱ्यावर येऊन बसतात;
तुझ्या वाट्याची ओळ सोडून
बाकीच्या तिघी डोळे पुसतात.

 जुन्या माणसांना कळलं, हे उत्तर कोणाला आहे. कोणीतरी टोपी काढली.

तेव्हा त्याच्या गिटारच्या मानेवर काहीतरी आपटलं. टक्.

हातातल्या लाकडाला तो ठोका नीट जाणवला. त्याने डावीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. पण नऊ वर्षं कोरडं पडलेलं काहीतरी त्याच्या आत भरून आलं. आता निरोप म्हणायचा होता. कडी लावायची होती. ते कडवं तोंडपाठ होतं. त्याने सुरुवात केली, आणि ओळी वळल्या.

निरोप घेतो, लोटतो दार,
कडी मात्र लावत नाही;
कधी वाऱ्याने उघडलं तर
वाऱ्यावर मी रागवत नाही.

आवर्तन वाजलं. एर्मीनियूने तोंड उघडलं, आणि मिटलं. पाळी त्याची होती, पण तो गायला नाही.  चार ओळी म्हणायला जितका वेळ लागतो, तितका वेळ सगळा मांडव नुसता बसून राहिला. जेर्वाझियूला स्वतःच्या तारांच्या गुणगुणीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या ओळीच्या सुमाराला ओतीलिया हसली. शाल तोंडाला लावून, तरण्या बाईसारखी, नवऱ्याचा चावट विनोद ऐकल्यासारखी. झीताही हसली. मग म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"गायला का नाहीस रे?" खाली उतरल्यावर जेर्वाझियूने एर्मीनियूला विचारलं.

पोराच्या कपाळावर घाम होता. "कोणीतरी घसा खाकरला हो... मला वाटलं, दुसऱ्या कोणाची पाळी आहे."

ओतीलिया घरी निघाली होती. त्याने तिला रस्त्यात गाठलं.

"वहिनी, हसलात कशाला?"

"मग काय करू? जित्याची खोड." तिचे डोळे ओले होते आणि गाल लाल. "पण भावजी, त्यांनी निरोप नाही हो घेतला."

"मग काय म्हणाला तो?"

ती थांबली. तिने त्याच्या डाव्या कानाकडे पाहिलं आणि तिचं हसू हळूहळू गेलं.

"तुम्हाला ऐकू नाही आलं...?"

"नाही."

"प्रश्न विचारलाय तुम्हाला. तुम्हालाच." तिने शाल घट्ट ओढली. "मी कशी सांगू? कडवं दुसऱ्याच्या तोंडून घ्यायचं नसतं, भावजी. ते हरणं तुम्हाला परवडायचं नाही. नवसाचं गाणं आहे, आणि ते अजून पुरं झालेलं नाही."

आणि ती धुक्यात चालू लागली.

तेव्हापासून संध्याकाळी गायींचं झालं की जेर्वाझियू तळघराच्या दारात गिटार घेऊन बसतो. उत्तराची पाळी त्याची आहे आणि प्रश्न त्याला ठाऊक नाही. पिंपाजवळचं रिकामं स्टूल तो उचलून आपल्या उजवीकडे ठेवतो, चांगल्या कानाच्या बाजूला. आवर्तन वाजवतो, थांबतो. ऐकू काही येत नाही. दाराला कडी लावत नाही, तसं बोलूनच बसलाय. सकाळी येऊन पाहावं तर स्टूल डावीकडे असतं. कधी त्याच्या पायाशी चघळलेला हिरवा देठ असतो.

त्याची त्याला भीती राहिली नव्हती. खरं सांगायचं तर सकाळी स्टूल जागेवरून हललेलं दिसलं की त्याला बरंच वाटायचं.

गेल्या रविवारी मात्र तो खाली उतरला, तर डावीकडे दोन स्टुलं होती. दुसरं बुटकं होतं, धारा काढायला बसायचं, झीताचं. त्यावर झीता बसली होती. अंगात झोपायचा झगा, पाय अनवाणी.

"इथे काय करतेस, बाळ?"

"इथे बसलं की नीट ऐकू येतं, आजोबा." तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. "तुम्ही उत्तर का देत नाही त्यांना? किती दिवस थांबायचं त्यांनी? ते म्हणतात, तुम्ही नाही दिलंत तर मी दिलं तरी चालेल."

जेर्वाझियूने दाराची चौकट धरली.

"काय विचारलंय, सांगू?"

"नको," तो म्हणाला. "नको, झीता... गप्प बस..."

झीताने दोनदा घसा खाकरला.