भरलेली गाडी

अजेयने घेतलेली व्हॅन जुनी असली तरी धट्टीकट्टी होती. कोलकात्याजवळच्या बराकपूरच्या एका कारखान्यातली माणसं ने-आण करायला ती वापरत. कारखाना बंद पडला आणि ती विक्रीला आली. टॅक्सीत वाकून बसणं आईला जमत नव्हतं, म्हणून उंच छताची, सरकत्या दाराची गाडी हवी होती. मधल्या रांगेतलं बाकडं काढून त्याने तिथे मागे रेलता येईल अशी जाड गादीची खुर्ची बसवली. बाकीच्या सीटा तशाच राहू दिल्या.

त्याची आई शकुन कोलकात्याच्या बालीगंजमध्येच वाढली आणि तिथल्याच शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. न्हाणीघरात पाय घसरल्याचं निमित्त झालं आणि पाठीचा एक मणका चेपला. शस्त्रक्रिया तिच्या हृदयाला झेपली नसती. सॉल्ट लेकच्या एका इस्पितळात उपचार होते, पण ते हळूहळू लागू पडणारे. त्यासाठी हिवाळाभर एक दिवसाआड तिथे जायचं होतं. "हादरे बसता कामा नयेत," डॉक्टरांनी बजावलं होतं.

पहिल्याच खेपेला उड्डाणपुलावरच्या प्रत्येक सांध्यावर गाडीने मागून लाथ मारली. आईने पदराचं टोक दातांत धरलं होतं. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "पुन्हा नको नेऊस मला. पडून राहीन इथेच."

अजेय पुण्याला गाड्यांच्या सस्पेन्शनवरच काम करत असे. सगळी नोकरी अनोळखी माणसांच्या पाठी सांभाळण्यात गेली, आणि आता बिनपगारी रजा घेऊन आलेला असताना आईची पाठ त्याला सांभाळता येत नव्हती. त्याने गाडी बालीगंजजवळच्या कसब्यातल्या सुरेश मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नेली. मागच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांमधला एकेक पोलादी पाटा काढला, शॉकअब्सॉर्बर मऊ जातीचे घातले, रबरी बुश बदलले, टायरमधली हवा थोडी उतरवली. आईच्या खुर्चीवर फोन ठेवून धक्क्यांचा आलेख काढला. फरक पडला होता, पण पुरेसा नाही. अडचण मुळातली होती. असले पाटे भरलेल्या गाडीसाठी बनवलेले असतात. सगळ्या सीटांवर माणसं बसली की ते दबतात आणि खड्डा गिळतात. गाडी रिकामी असली की फळीसारखे ताठ राहतात.

"वाळूची पोती टाकू," त्याने सुरेशला सांगितलं. "वजन हवंय, बस."

पोती दुसऱ्या दिवशी यायची होती, ती आलीच नाहीत. उपचार चुकवून चालणार नव्हतं. एकदाच, शेवटचं, अशी मनधरणी करून त्याने आईला गाडीत बसवलं आणि श्वास रोखून पुलावर गाडी घातली.

पहिला सांधा आला आणि गेला. दुसरा आला. गाडी नुसती जरा खाली बसली आणि तशीच अलगद वर आली, नावेसारखी. अजेयने आरशात पाहिलं. आईचे डोळे मिटलेले होते, पण पदर दातांत नव्हता. ती झोपली होती. कित्येक आठवड्यांत ती अशी झोपली नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण केलेली खटपट अखेर लागू पडली, असंच त्याला वाटलं.

इस्पितळाच्या पोर्चमध्ये आईला चाकांच्या खुर्चीतून आत नेल्यावर त्याने सवयीने मागच्या चाकाशी वाकून पाहिलं. चाक आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत एरवी मूठ सहज जायची. आता जेमतेम दोन बोटं जात होती. पाटा तुटला असणार, असं वाटून तो गुडघ्यांवर बसला. पाटे धड होते, फक्त पुरते दबले होते.

तेवढ्यात गाडी हलली. पाटा कुरकुरला, आणि फट किंचित वाढली. क्षणभर थांबून पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा. मध्ये थोडा थोडा वेळ जाऊ देत, गर्दी न करता, एकेक माणूस उतरावं तशी गाडी वर येत गेली. शेवटी फटीत त्याची मूठ मावली. सरकतं दार उघडंच होतं. पायरीवर ऊन पडलं होतं आणि तिथे कुणी नव्हतं.

सुरेशने गाडी वर उचलून सगळं तपासलं. "कुछ टूटा नहीं है, साहब," तो म्हणाला. "खाली गाड़ी इतना बैठती नहीं." म्हणजे रिकामी गाडी इतकी दबत नाही.

अजेयने कारणं शोधली. नवं रबर अजून दबत असेल, पोर्चची जमीन उतरती असेल. पण प्रत्येक खेपेला, आई बसल्यावर दार लावायच्या आधी, गाडी टप्प्याटप्प्याने खाली बसायची. ब्रेक भरल्या गाडीसारखे उशिरा लागायचे. जानेवारीच्या सकाळी मागच्या काचा आतून धुरकटायच्या. एकदा त्याने मागच्या सीटच्या रेक्झिनवर तळहात टेकला. ते ऊबदार होतं. आत खोबरेल तेलाचा आणि पानाचा मंद वास होता.

आणि तरी तो गाडी वापरणं थांबवू शकला नाही, कारण आई बरी होत होती.

एकदा वळणावर त्याला मागून तिचा आवाज ऐकू आला. "एकटू शोरे बोशून," जरा सरकून बसा, असं ती बंगालीत म्हणत होती, लोकलमध्ये शेजारच्या बाईला म्हणावं इतक्या सहज.

"कुणाशी बोलतेस, आई?"

"तू रस्त्याकडे बघ," ती म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "भली माणसं आहेत. धक्का आला की सगळी मिळून अंग जड करतात."

त्याने नजर रस्त्यावर ठेवली आणि गाडीचा वेग कमी केला.

फाल्गुनात डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडात धरला आणि हसले. मणका सांधला होता. आता यायची गरज नव्हती. आई काठी टेकत, स्वतःच्या पायांनी पोर्चपर्यंत आली. घरी पोहोचल्यावर अजेय उघड्या दारापाशी उभा राहिला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्याने रिकाम्या सीटांना हात जोडले. "तुमचे फार उपकार झाले," तो हळूच म्हणाला. मनापासून म्हणाला. थोड्या वेळाने पाटे कुरकुरू लागले, आणि ते थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी एकट्याने बाहेर काढली. गडियाहाटच्या ट्रामच्या रुळांवर तिने अशी उसळी मारली की त्याचं डोकं छताला लागलं. डोकं चोळत तो हसला. सुटल्यासारखं वाटलं, आणि जरा ओकंबोकंही. आठवडा संपायच्या आत त्याने गाडी विकली आणि पुण्याचं तिकीट काढलं.

जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मायलेक बाजारात जाऊन आले. आई सगळा रस्ता चालली होती, चेहरा तजेलदार दिसत होता. इमारतीच्या लिफ्टमध्ये दोघं शिरली, अजेयने बटण दाबलं. दार मिटलं नाही. जादा वजनाची घंटी वाजू लागली.

त्याने भाजीची पिशवी बाहेर ठेवली. घंटी वाजतच राहिली.

आईने त्याचं मनगट धरलं आणि त्याला घेऊन ती बाहेर आली. तरीही घंटी थांबेना. मग ती एकदाची थांबली. कुणीतरी एक जण समजुतीने बाहेर पाऊल टाकावं, तशी.

"आपण मागून जाऊ," आई शांतपणे म्हणाली. "त्यांना आधी जाऊ दे. इतके दिवस त्यांनी आपल्याला नेलं."

दार मिटलं. आकडे एकेक करत बदलत गेले, आणि लिफ्ट मायलेकांच्याच मजल्यावर थांबली.