सर उठतात तो भाग

आधी फोन पालथे घाला सगळ्यांनी. हं. आता ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलेली आहे. खोटं वाटलं तर त्याला जाऊन विचारा, फक्त अंधार पडल्यावर विचारू नका.

त्याचा धंदा व्हिडिओ शूटिंगचा. दिवसभर कापायचं आणि जोडायचं, म्हणून आम्ही त्याला शिंपी म्हणायचो. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्री साडेनऊच्या सुमाराला दुकान बंद करून तो सरांच्या घरी निघाला. काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला होता. "निरोपसमारंभाचा अख्खा व्हिडिओ घेऊन ये रे बाबा."

काम म्हटलं तर साधं. पण शिंप्याचे पाय उचलत नव्हते.

सर गणिताचे. शिंप्यालाही त्यांनीच शिकवलेलं. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेने मोठा समारंभ केला आणि शूटिंग याला दिलं. मुलांनी सरांना ओढून नाचायला लावलं. जन्मात न नाचलेला माणूस! दोन्ही हात वर केले, गिरकी घेतली आणि आपटले. चष्मा एकीकडे, बूट दुसरीकडे. चित्रण एचडी, चष्म्याची काच निखळताना दिसावी इतकं स्वच्छ. शिंप्याला राहवलं नाही. तेवढे तीन सेकंद कापून त्याने फिरतं चित्र केलं, तुम्ही जीआयएफ म्हणता ते. यात खरी कसोटी सांध्याची असते. शेवट कुठे झाला नि सुरुवात कुठे झाली, कळता कामा नये. सरांनी हात वर केले तेव्हा फोटोवाल्याचा फ्लॅश उडाला होता, आपटले तेव्हाही उडाला. याने पांढऱ्याला पांढरं जोडलं. सर पडायचे, पुन्हा पडायचे, पडतच राहायचे.

पठ्ठ्याने ते शाळेच्या ग्रुपवर टाकलं. मग काय, माकडाच्या हाती कोलीत. सर भाजीला निघाले की पोरं हात वर करून गिरक्या घ्यायची. सरांनी बाहेर जाणं सोडलं. मग अन्न तुटलं. आणि ऑक्टोबरात गेले.

"पण काका, त्यांनी मुद्दाम थोडंच केलं?"

मुद्दाम नाही रे. गंमत म्हणून केलं. पण शिंप्याला ती गंमत घास गिळू देत नव्हती. 'मी मारलं त्यांना,' एवढंच म्हणायचा.

तर काकूंनी दार उघडलं. पाणी दिलं. विचारलं, "त्यात ते उठतात ना? उठून हसले होते बघ, स्वतःच टाळ्या वाजवल्या. मला तेवढंच बघायचंय."

शिंप्याने पेला खाली ठेवला. एचडी चित्रण ढीगभर जागा खातं. म्हणून कामाचं तेवढं ठेवायचं आणि बाकी पुसून टाकायचं, ही त्याची रीत. सर उठतात तो भाग त्याने केव्हाच पुसला होता.

"काकू, तो भाग... नाही राहिला. मीच..."

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या वर बघत राहिल्या.

धप्प.

वरच्या खोलीत. थोडा वेळ शांत. पुन्हा धप्प.

"वर कोण आहे?"

"रोजचंच आहे," काकू म्हणाल्या. "मी रोज म्हणते, अहो, उठा. माझ्याच्याने नाही होत."

शिंपी जिना चढला. खोलीचं दार लोटलेलं. दाराखालून लख्खकन पांढरा उजेड. मग धप्प. पुन्हा उजेड. धप्प. ते अंतर... त्याला पाठ होतं. त्यानेच कापलं होतं.

दार ढकललं. आत अंधार.

कुणी नाही.

पण जमिनीलगत... श्वास. धापा टाकणारा, दमलेला.

तो गुडघ्यावर बसला. रडत होता. हात पुढे केला.

"सर... चुकलं माझं. उठा."

काहीच नाही.

मग हातात हात आला. गार. आणि वजन... अख्ख्या माणसाचं वजन. त्याने ओढलं. खांदा निखळेल इतकं ओढलं.

हात सुटला.

अंधारात दोन टाळ्या वाजल्या. हळू.

मग... शांत.

खाली काकू पदराने डोळे पुसत होत्या. "उठले?" एवढंच विचारलं. तो मान हलवून बाहेर पडला. त्या घरात पुन्हा आवाज झाला नाही.

आता हे बघा. माझ्या फोनमधलं ते चित्र. हे मला दुसऱ्याच कुणी पाठवलेलं, शिंप्याने हात लावलेला नाही. हॉल आहे. दिवे आहेत. फ्लॅश उडतो. मधली जमीन रिकामी. सर नाहीत. आणि भोवतीचे सगळे पोट धरून हसताहेत, त्या रिकाम्या जमिनीकडे बघून. हसतात, पुन्हा हसतात... थांबता येत नाही त्यांना.

हा पुढचा, तोंडावर हात धरलेला...

तूच ना रे?