पठारावरचं तिसरं गाव

पठारावरच्या पहिल्या दोन गावांत हेमांगला फार मजा आली. दोन्ही गावं पंचवीस वर्षांपूर्वी उठलेली; उरले होते ते चौथरे आणि करवंदीच्या जाळ्या. पण सहलीच्या तिकिटाबरोबर मिळालेला गतदर्शी चष्मा चढवला, की घरं उभी राहत, अंगणात बायका नाचणी पाखडत. जुने फोटो, जमिनीचे नकाशे, उपग्रहाची चित्रं, जे काही नोंदीत सापडलं त्यावरून संगणक अख्खं गाव जागच्या जागी उभं करी.

त्याची बायको सगुणा सात वर्षांची होईपर्यंत तिसऱ्या ठिकाणच्या धनगरवाड्यात राहिली होती. लग्नाला बारा वर्षं झाली, आणि ती जागा ती नवऱ्याला आज पहिल्यांदा दाखवणार होती.

कातळात खोदलेल्या टाक्यापाशी ती थांबली. "इथून वर सहा घरं. आमचं शेवटचं."

हेमांगने चष्म्यातून पाहिलं. "नुसतं गवत आहे गं. म्हशी चरतायत."

तिनेही चष्मा लावला. कमरेएवढं गवत वाऱ्यावर डुलत होतं आणि कानात गोड आवाज सांगत होता, "हे गायरान. इथे कधीही वस्ती नव्हती."

सगुणाने चष्म्याच्या काडीवरचं मदतीचं बटण दाबलं. "वस्ती होती. माझा जन्म इथला."

"दुरुस्तीसाठी पुरावा जोडा. फोटो, सातबारा किंवा विजेचं बिल."

"वीज आलीच नव्हती आमच्यात."

"त्या काळच्या उपग्रहचित्रांतही घरं नाहीत."

"छपरं गवताची होती! वरून गवतच दिसणार!"

"आपला अभिप्राय नोंदवला आहे. धन्यवाद."

"सगुणा," हेमांग मायेने म्हणाला, "तू केवढीशी होतीस. दुसरं पठार असेल."

त्याच्या मायेनेच ती जास्त दुखावली. तिने चष्मा काढला. उघड्या डोळ्यांना वर माळावर ओळीने लाल झेंड्या दिसल्या. रोपवेचं स्थानक होणार होतं. वस्तीच नव्हती म्हटल्यावर कुणाला विचारायचा प्रश्नच आला नव्हता.

"तिथे जना आहे," ती म्हणाली.

"कोण जना?"

"माझी धाकटी बहीण. पान लागलं तिला, साप चावला. डोलीत घालून खाली नेत होते, अर्ध्या वाटेत गेली. परत आणून घरामागे पुरली. आबांनी वर तीन दगड ठेवले."

हेमांगने चष्मा उतरवला. मग तो म्हणाला, "आईंना फोन लाव. नक्की जागा विचार. आपण ते दगड शोधू."

सगुणाची आई इस्लामपुरात धाकट्या मुलाकडे असे. सगुणाने विचारलं तशी ती घुटमळली.

"मागल्या साली आमालाबी सहलीला आणलं हुतं गं. चष्म्यातनं बघितलं. तवापास्नं डोळं मिटलं की गवातच दिसतंय. आपलं घर दिसंना झालंय."

"पण जनाला पुरलं ते?"

"पुरलं तर खरं. पर कुठं, तेच आठवंना. तू तितंच हाईस न्हवं? दगड हाईत का गं?"

सगुणाने वर पाहिलं. घरांचा मागमूसही उरला नव्हता; माळभर दगडच दगड होते. त्यातले तीन कुठले?