नव्या देवाचा उपास

गंगाखेडहून नांदरवाडीला निघालेली एस.टी. रेल्वे फाटकापाशी गचका देऊन थांबली आणि बन्सीधरच्या हातातली कापडाची लांबलचक गुंडाळी निसटली. निसटली ती उलगडतच गेली, कुणाच्या पटक्यावरून, कुणाच्या भाजीच्या पाटीवरून, आणि तिचे शेवटचे टोक खिडकीशी बसलेल्या एका मुलीच्या मांडीवर जाऊन विसावले. बाहेर परतीचा पाऊस भुरभुरत होता. काचेवरचे पाणी पुसावे तसा तिने त्या कापडावरून हात फिरवला आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचले,

“भूक आणि दारिद्र्य यांच्याविरुद्ध जगाची हाक…” मग मान वळवून तिने विचारले, “कोन्त्या नाटकाचा पडदा हाय हा?”

“नाटक नाही… मोहीम आहे,” बन्सीधर पुटपुटला.

“मंग तुमी त्याच्यात राजा का परधान?”

“मी… नुसता पडदा धरणारा.”

गाडी हसली. मुलगी मात्र हसली नाही. कापडाला चिखल लागू नये म्हणून ते टोक जपून गुंडाळीत ती त्याच्यापर्यंत आली आणि गुंडाळी त्याच्या हातात देत हळूच म्हणाली, “मंग नीट धरा की!”

तिच्या बोटांच्या पेरांवर खडूची पांढरी धूळ होती. उरलेल्या वाटेत त्याने तेवढेच पाहिले. त्याहून वर पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

बन्सीधर अबोल होता, आणि त्याला तसेच कारण होते. त्याचे बालपण जिंतूरकडच्या माळावर वडिलांच्या मेंढरांमागे गेले होते, आणि मेंढरांना उत्तरे द्यावी लागत नाहीत. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठात तो शिकला, शुद्ध बोलू लागला. पण बोलण्याआधी थांबण्याची सवय सुटली नाही. आता परभणीच्याच एका संस्थेत त्याला तात्पुरती नोकरी लागली होती. मोहीम जगभराची होती. येत्या गुरुवारी देशोदेशीच्या माणसांनी एक वेळचे जेवण सोडायचे, वाचलेले धान्य उपाशी माणसांसाठी द्यायचे, आणि संध्याकाळी गावाने एकत्र जमायचे. नांदरवाडी बन्सीधरच्या वाट्याला आली होती.

काम वाटते तितके सोपे नव्हते. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावावरून त्या वर्षांत गावोगाव मने ताणलेली होती. चार माणसे बोलवावीत, तर “कोन्त्या बाजूची सभा हाय?” हा प्रश्न आधी येई. दुसऱ्या दिवशी सरपंच किशनरावांनी त्याला सरळ बालवाडीची वाट दाखवली. “बाया आल्या तर गाव येतंय. आन् बाया मनकर्णाच्या शब्दात हायेत.”

बालवाडीच्या दारात खडूच्या धुळीची तीच बोटे होती.

“या, पडदेवाले,” मनकर्णा म्हणाली.

अंगणात जमलेल्या बायांपुढे उभे राहून बन्सीधरने पाठ केलेले भाषण म्हटले. गुरुवारी एक वेळचे जेवण सोडायचे, एवढे सांगून तो थांबला.

“कोन्ती वेळ?” मनकर्णाने विचारले.

“म्हणजे?”

“न्हाई, दुपारची तर इथल्या निम्म्या बायांनी कवाच सोडलीय. राहिली रातची. तीबी द्यायची का जगाला?”

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बन्सीधरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मनकर्णाने ते पाहिले, आणि आपण जरा जास्तच बोललो असे वाटून तिने नजर वळवली.

तेवढ्यात म्हाताऱ्या दगडाबाईने हात वर केला. “बाबा, देव कोन्ता हाय ह्या उपासाचा?”

“देव नाही, आजी. जगातली सगळी उपाशी माणसं…”

“मंजी लय मोठा देव हाय,” दगडाबाई शांतपणे म्हणाली. “धरू आमी.”

मग तीन-चार दिवस दोघांनी मिळून भिंती रंगवल्या. तो गेरूने अक्षरे काढी, ती डबा धरून उभी राही. पाऊस येऊन अक्षरे धुऊन जाई, आणि ती पुन्हा काढावी लागत. बन्सीधरला त्या पावसाचा राग का येत नव्हता, हे त्याने स्वतःला विचारले नाही. एकदा कुंचल्याचा थेंब तिच्या मनगटावर पडला. त्याने घाईने क्षमा मागितली. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, बांगडीला शोभायलाय.” संध्याकाळपर्यंत तिने तो पुसला नाही.

बुधवारी दुपारी शेवटची भिंत रंगवताना ती सहज म्हणाली, “उद्या तुमचा उपास, आन् शुकरवारी मानवतचे पाव्हणे येयलेत.”

“बालवाडी पाहायला?”

“मला बघाया.”

कुंचला भिंतीवरून सरळ जोत्यापर्यंत घसरला.

“मुलगा… काय करतो?”

“कापसाच्या अडतीवर बसतो म्हनं. फोटूत चांगला दिसायलाय. खुर्चीवर बसलाय, बाजूला पलास्टिकची फुलं.”

“आणि तुम्हाला… पसंत आहे?”

मनकर्णाने डबा खाली ठेवला. “मला कुनी इचारलंय? तुमीच पहिले इचारायलाव.”

एवढे बोलून ती थांबली. त्याने काही बोलावे म्हणून ती थांबली आहे, हे त्यालाही कळत होते. समोरच्या लिंबावरून साचलेले पाणी ठिबकत होते.

“अक्षरं… वाळायला हवीत,” तो म्हणाला.

“हां,” ती म्हणाली. “वाळू द्या.” आणि डबा उचलून निघून गेली.

गुरुवारी सकाळी बन्सीधर गावात आला, तर साऱ्या गावाला भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येत होता. भगवानरावांच्या दुकानातला साबुदाणा कालच संपला होता. भगरही संपत आली होती.

“सायेब, ही मोहीम महिन्याला ठिवा!” भगवानराव हात जोडून म्हणाले. “एकादशीलाबी इतका धंदा न्हाई झाला कधी.”

घरोघर भगर शिजत होती, रताळी उकडत होती, राजगिऱ्याच्या लाडवांचे पाक होत होते. पोटाला चिमटा काढायचा म्हणून सांगितलेल्या दिवशी गाव रोजच्यापेक्षा चांगले जेवत होते! बन्सीधरला हसावे की कपाळाला हात लावावा कळेना. अखेर तो हसला.

पण हसू फार टिकले नाही. गावकुसापलीकडच्या वस्तीत चुली थंड होत्या. साबुदाणा घेण्याची ऐपत नसलेल्या बायांनी नुसत्या पाण्यावर उपास धरला होता, आणि तशाच त्या उन्हात कापूस वेचायला गेल्या होत्या. मनकर्णा शेताच्या बांधावर, धुऱ्यावर भेटली. ती त्यांना पाणी देऊन परतत होती.

“गीताबाईला भोवळ आली,” ती म्हणाली. “सावलीत बसवलंय. आता बरी हाय.”

“त्यांना सांगा ना, उपास सोडा म्हणावं! मी येतो, मी सांगतो…”

“सांगून बेजार झाले मी. धरलेला उपास मधीच सोडीत न्हाईत म्हंत्यात. दिवस मावळला की निवद दावून सोडायचा.” तिने त्याच्याकडे रोखून पाहिले. आज तिच्या नजरेत थट्टा नव्हती. “निवदाला काय हाय त्यांच्या घरात?”

बन्सीधर धुऱ्यावरच बसला. उपाशी माणसांसाठी म्हणून निघालेल्या त्याने उपाशी माणसांनाच आणखी उपाशी ठेवले होते. वाऱ्यावर कापसाची बोंडे डुलत होती आणि दूर गोदावरीचे पात्र उन्हात चकाकत होते. इतक्या शांत दुपारी त्याला इतके अपराधी कधी वाटले नव्हते.

मग तो उठला. “जमलेलं धान्य शिजवायचं,” तो म्हणाला. “इथंच. आजच.”

“ते तर परभनीला जायचंय ना? तुमचे मोठे सायेब येयलेत न्यायला.”

“येऊ द्या. पारावर चुलाणं मांडू.”

“पारावर सगळे यायचे न्हाईत,” ती म्हणाली, आणि का, ते दोघांनाही सांगावे लागले नाही. “बालवाडीच्या अंगनात मांडा. तिथं सगळ्यांचीच लेकरं येतेत.”

दुपारभर गिरणी फिरली. ज्वारीच्या कण्या भरडून आल्या, डाळ शिजत पडली. सकाळी भगर केलेल्या घरांतून उरलेसुरले डबेही आले. उन्हे कलली तेव्हा संस्थेचे प्रमुख दिनकरराव जीपमधून उतरले, आणि धान्याच्या ढिगाऐवजी त्यांना रटरटणारी पातेली दिसली.

“बन्सीधर, हे काय? धान्य कुठं आहे?”

मनकर्णाचा हात पळीवरच थांबला. आता हा मान खाली घालणार, असे तिला वाटले. आणि त्याची मान खाली गेलीही. पण आवाज आला, आणि तो जिंतूरच्या माळावरचा होता.

“धान्य परभनीला न्हाई येत, सायेब. ह्या बाया सकाळधरून पान्यावर हायेत. आपल्या सांगन्यावरून.”

“वर काय कळवू मी?”

“कळवा, बन्सीधरनं ऐकलं न्हाई.”

दिनकररावांनी पातेल्यांकडे पाहिले, कापसाचा कचरा केसांत घेऊन बसलेल्या बायांकडे पाहिले. मग वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. “मला कुठं बसवतोस?”

दिवस मावळला. दगडाबाईने कण्यांचा घास उचलून कुठल्याशा दिशेला दाखवला. त्या नव्या देवाची दिशा तिलाच ठाऊक. अंगणात आधी उपास धरलेल्या बायांची पंगत बसली. किशनरावांच्या घरचे काही आले, काही आले नाहीत. वस्तीतल्या बाया आधी भिंतीशी उभ्या राहिल्या, मग मनकर्णाने एकेकीला हाताला धरून बसवले.

पहिली पंगत उठली. अंगणाच्या कडेला रांजणाशी बन्सीधर तांब्या भरीत होता. मनकर्णा रिकामे पातेले घेऊन तिथे आली.

“जेवला न्हाईत?”

“तुम्हीही नाही.”

“आमचं येगळं हाय. लगीन न व्हयलेल्या पोरी उपास धरतेत तवा काहीतरी मागतेत.”

“काय मागितलं?”

“सांगितलं की फळत न्हाई.” ती पातेल्यात पाणी ओतू लागली, गरजेपेक्षा सावकाश. “मघाशी मातुर लय बोललाव. मला वाटलं, तुमच्या तोंडात शब्दच न्हाईत.”

अंधार अजून पुरता पडला नव्हता. तेवढ्या संधिप्रकाशात बन्सीधरने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिले आणि नजर हलवली नाही.

“उद्या पाहुणे आले… की नाही म्हणा.”

“नुसतं न्हाई कसं म्हनू? आबा इचारतील, का म्हनून. कारन लागतंय.”

“माझं नाव सांगा.”

पाणी काठावरून सांडले, तिच्या पावलांवरून वाहिले. ती तशीच उभी राहिली.

“मी न्हाई सांगायची,” शेवटी ती म्हणाली. “आबा तिथं पत्रावळी उचलायलेत. ज्याचं नाव हाय त्यानं सांगावं.”

अंगण ओलांडायला असा कितीसा वेळ लागतो! बन्सीधरला मात्र जिंतूरहून गंगाखेडपर्यंत पायी चालल्यासारखे वाटले. मनकर्णाचे वडील दत्तराव वाकून पत्रावळी गोळा करीत होते. कोरडवाहू जमिनीवर घर चालवणारा, मोजके बोलणारा माणूस. बन्सीधर त्यांच्यासोबत पत्रावळी उचलू लागला आणि उचलता उचलताच त्याने सांगितले. किती अडखळला, किती वाक्ये अर्धी राहिली, ते त्याला नंतर आठवले नाही.

दत्तराव सरळ उभे राहिले. “कुनाचे तुमी?”

“जिंतूरकडचे रायभान माझे वडील. मेंढ्या राखतात.”

“धनगर?”

“हो.”

दत्तरावांनी हातातल्या पत्रावळी कोपऱ्यात नेऊन ठेवल्या, हात धुतले, उपरण्याला पुसले. हे सारे त्यांनी फार सावकाश केले.

“आमच्या रानात दर साली मेंढरं बसतेत,” ते म्हणाले. “राखनाऱ्याला भाकर देतो आमी. पोरगी दिलेली न्हाई अजून कुनी.”

बन्सीधर तिथून हलला नाही.

दत्तरावांनी रांजणाकडे पाहिले. त्यांची लेक तिथे पाठ करून उभी होती. पातेले केव्हाच धुऊन झाले होते, तरी ती ते घासतच होती.

“ती आज पान्यावर हाय. सकाळपून,” ते जणू स्वतःशीच म्हणाले. “मला वाटलं, मानवतकरांसाठीच धरलाय.” मग त्यांनी खाकरून घसा साफ केला. “सकाळी निरोप धाडतो त्यांना. एवढ्यात येऊ नका म्हनून. पक्कं न्हाई म्हनत न्हाई मी… एवढ्यात म्हंतो. तुमच्या वडलांना एकदा घेऊन या. काय म्हंत्यात, ते ऐकू.”

“जी.”

“आन् आता जेवा. उपाशी मानसासंगं असलं बोलत नसतेत.”

शेवटची, पुरुषांची पंगत मांडली होती. बन्सीधर एका टोकाला बसला. मनकर्णाने त्याच्या पत्रावळीवर कण्या वाढल्या, वरून वरण घातले. पळी जरा जास्त वेळ तिथे थांबली. त्या गावात पुरुषांच्या पंगतीत बाई बसत नसे. वाढणारी बाई सर्वांचे झाल्यावर, चुलीमागे, उरेल ते खाई.

मनकर्णाने पळी पातेल्यात ठेवली. एक पत्रावळ उचलली. दगडाबाई पाहत होती, दिनकरराव पाहत होते, आबाही पाहत होते. सगळ्यांच्या देखत ती बन्सीधरच्या समोरच्या ओळीत मांडी घालून बसली आणि पदर सावरीत म्हणाली,

“वाढा कुनीतरी. भूक लागलीय मला.”