हरवलेली ठिणगी

"माझ्या बाबांचा जीव गाडीने घेतला, असं सगळे म्हणतात," ती खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली. "मला नाही पटत."

मावशीने चष्मा पुसला. तपासाच्या धंद्यात तिने पुष्कळ घाण पाहिली होती. तिचा मदतनीस भाचा मात्र या धंद्यात नवखा होता. अजून त्याला माणसं चांगलीच वाटायची.

बाबांची गाडी लेकीहून वयाने मोठी. दुपारी बाबांच्या छातीत कळ आली. ड्रायव्हरकाकांनी त्यांना मागे आडवं केलं, डोकं तिच्या थोरल्या भावाच्या, दादाच्या मांडीवर. गाडी काही सुरू होईना. शेवटी काकांनी धावत जाऊन टॅक्सी आणली, पण फार उशीर झाला होता. आता दादाने काकांवरच निष्काळजीपणाची तक्रार केली होती.

"तुम्ही कुठे होता?"

"फोनवर. दादाने गाडीतूनच लावला होता. मागे सारखं घर्र घर्र चाललेलं. मी थेट दवाखाना गाठला. काका सकाळपर्यंत तिथल्या बाकावरून उठले नाहीत. दादा तेवढा बाबांचे कपडे आणायला घरी जाऊन आला."

दादा कडक इस्त्रीत भेटला. "बॅटरी मेली होती. किल्ली फिरवली की नुसतं टक् व्हायचं."

"बॉनेट उघडलंत?"

"छे! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. भंगार आहे ते. चांगलं गिऱ्हाईक आलं होतं, पण बाबा ऐकतील तर शपथ!"

काकांचे डोळे सुजले होते. "सकाळी एका झटक्यात सुरू झाली होती, बाई. दुपारी इंजिन जोरात फिरायचं, पण पेटच घेईना. पेट्रोलचा नुसता भपका."

"दुसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावलं," मेकॅनिक म्हणाला. "त्यांनी माझ्यासमोर किल्ली फिरवली आणि गाडी सुरू! बॉनेट उघडायची वेळच आली नाही."

"जुनी गाडी, लहर फिरली असेल," भाचा पुटपुटला.

मावशीने बॉनेट उचललं. इंजिनावर सगळीकडे धुळीचा थर. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डबीच्या झाकणावर मात्र बोटांचे स्वच्छ ठसे.

तिने सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं. झाकण काढलं, आतून काहीतरी उचललं, झाकण परत बसवलं. "काका, किल्ली फिरवा."

घर्र, घर्र, घर्र. पेट्रोलचा भपका आला.

"हाच!" लेक ओरडली. "फोनवर हाच आवाज होता."

"बॅटरी मेलेली असती तर इंजिन असं फिरलं नसतं. म्हणजे दादा खोटं बोलले. पेट्रोलही येत होतं. नव्हती ती ठिणगी." मावशीने मूठ उघडली. तळहातावर काळा, बोटभर तुकडा. "हा रोटर. हा नसला की ठिणगी नाही. सकाळी होता, दुपारी नव्हता, दुसऱ्या दिवशी परत जागेवर. काढायला कुणीही काढेल. पण परत कोण बसवणार? काका दवाखान्यात. मेकॅनिकने बॉनेट उघडलं नाही. मधे घरी आले ते एकटे दादा."

दादाने कपाळ पुसलं. "गाडी दोनचारदा बंद पडली की बाबा कंटाळून विकतील, एवढंच मनात होतं. दुखायला लागेल हे मला काय ठाऊक?"

"तेव्हा रोटर कुठे होता?" भाच्याने विचारलं.

दादाचा हात नकळत पँटच्या खिशाकडे गेला.

भाच्याने त्या खिशाकडे पाहिलं. बापाचं डोकं त्याच मांडीवर होतं. म्हातारा तडफडत होता, काका किल्ली पिळत होते, आणि हा खिसा दाबून गप्प!

"सांगितलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली असती का?" दादा म्हणाला. "वाटलं, टॅक्सी येईलच..."

काका स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होते. मावशीने स्वतः रोटर जागेवर बसवला आणि हात फडक्याने पुन्हा पुन्हा पुसले.

"काका," लेक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चौकीवर न्याल मला? तुमच्यावरची तक्रार आज पुसायची आहे. आणि दुसरी लिहायची आहे."

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दादाने सवयीने मागचं दार उघडलं.

तिने ते आतून ओढून घेतलं. "तू चालत ये."