मेलेला रंग

विब्रांडला चित्रकार व्हायचं नव्हतं. त्याला एकच चेहरा काढायचा होता. त्याची बायको हिल्के वसंतात गेली. दोघांचा जन्म ट्यूलिपचे कंद लावण्यात गेला, आणि फोटो काढून घ्यायचा तिला कंटाळा. मागे एकच उरला, काचेच्या चौकटीतला, तळहाताएवढा. त्यात ती ओठाचा डावा कोपरा उचलून हसू दाबत होती. अलीकडे फोटो पाहिल्याशिवाय त्याला तो ओठ आठवेनासा झाला. म्हणून हार्लेममधल्या एका जुन्या वृद्धाश्रमाच्या चित्रदालनात तो रोस्काम बाईंकडे शिकायला जाऊ लागला.

बाईंची शिस्त कडक. आधी जुन्या उस्तादाची नक्कल, मग स्वतःचं चित्र. त्याच्या वाट्याला भिंतीवरच्या जुन्या चित्रातली आश्रमाची कारभारीण आली. काळा झगा, गळ्याशी पांढरी चुणीदार कॉलर आणि फळीसारखा सरळ ओठ. तिला जाऊन शतकं लोटली होती.

"हा कंदांचा वाफा नाही, विब्रांड. रंग थापू नका."

"कंद तरी उगवतात, बाई. ही बया काही उगवत नाही."

"उगवेल. आधी मेलेला रंग नीट वाळू द्या."

चेहऱ्याच्या अगदी खालच्या करड्या थराला तिथले चित्रकार मेलेला रंग म्हणतात. त्यावर मांस चढवायचं, रक्त चढवायचं. डोळ्यांतला पांढरा ठिपका सगळ्यांत शेवटी. बाईंनी एकच गोष्ट बजावली होती.

"मेलेल्या रंगात समोरचंच माणूस घ्यायचं. आपलं कुणी मनात आणायचं नाही."

"आणलं तर?"

"माझ्या गुरूंनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

विब्रांडने ऐकलं नाही. बाईंची पाठ वळली की तो खिशातला फोटो काढी. करड्या थरात त्याने हिल्केचा ओठ बसवला, हिल्केचं कपाळ बसवलं. थर वाळल्यावर वरून कारभारणीची कांती चढवली, तिची कॉलर चढवली. आत कोण आहे, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ठिपके द्यायच्या दिवशी दुपारीच अंधारून आलं. कालव्यावर धुकं बसलं होतं. दालनात जवसाच्या तेलाचा वास होता आणि त्याखाली आणखी एक, नुकत्याच उकरलेल्या मातीचा. विब्रांडने श्वास रोखून एक ठिपका दिला. मग दुसरा.

कॅनव्हासवरून हिल्के त्याच्याकडे पाहू लागली. ओठाचा कोपरा तसाच, वर उचललेला.

"आलीस..." तो पुटपुटला.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आत कुणाला घेतलंत?"

"बायकोला."

"फोटो... तिचा फोटो दाखवा."

त्याने चौकट काढली. काचेमागे चेहरा नव्हता. नुसता करडा रंग. त्याने काच सरकवून बोट लावलं. रंग ओला होता.

"असू दे," तो हट्टाने म्हणाला. "आता ती इथे आहे."

तो कॅनव्हासकडे वळला. तिथे ओठ फळीसारखा सरळ होता. नव्या गड्याकडे पाहावं तशी कारभारीण त्याच्याकडे पाहत होती. त्याने डोळे मिटले आणि हिल्केला आठवू लागला. आठवली ती पांढरी कॉलर. पुन्हा आठवून पाहिलं. पुन्हा कॉलरच.

"विब्रांड," बाई कुजबुजल्या, "भिंतीकडे बघा..."

भिंतीवरच्या जुन्या चित्रात ओठाचा डावा कोपरा वर उचललेला होता. हसू दाबावं तसा.

विब्रांड जवळ गेला. चेहरा निरखत खूप वेळ उभा राहिला.

"या बाई कोण?" त्याने विचारलं.

भिंतीवरचा ओठ हळूहळू सरळ झाला.